हे लायब्ररी फंक्शन थ्रेड-सेफ आहे का? प्रत्येक प्लॅटफॉर्मवर कसं तपासायचं

"स्ट्रटॉक थ्रेड-सेफ आहे का हो?" असं कुणी विचारलं आणि समोरच्याने लगेच हो किंवा नाही म्हणून टाकलं, तर दोघांपैकी एकाला तरी प्रश्न नीट कळलेला नाही. स्ट्रटॉक म्हणजे स्ट्रिंगचे तुकडे पाडणारं सी फंक्शन. लिनक्सवर ते थ्रेड-सेफ नाही, विंडोजवर दोन वेगळ्या थ्रेडनी एकाच वेळी कॉल केलं तरी चालतं, आणि सी स्टँडर्ड म्हणतं आमची कसलीच हमी नाही. नाव तेच, आर्ग्युमेंट्स तीच, उत्तरं तीन. म्हणून प्रश्न असा विचारायचा: कुठल्या लायब्ररीत, कुठल्या व्हर्जनमध्ये, कुठल्या अटीवर. खाली दिलंय ते हे तिन्ही शोधायचं कसं ते, सी किंवा सी++ मध्ये नुकतंच थ्रेडिंग सुरू केलेल्यांसाठी.

सुरुवातीला एक गोंधळ काढून टाकू, कारण यात भले भले अडकतात. थ्रेड-सेफ म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी कॉल केलं तरी बिघडत नाही. सिग्नल-सेफ ही पूर्ण वेगळी गोष्ट: सिग्नल आल्यावर प्रोग्राम मधेच थांबवून चालणाऱ्या हँडलर फंक्शनमधून कॉल केलं तरी न बिघडणं. मॅलॉक आणि प्रिंटएफ दोन्ही थ्रेड-सेफ आहेत पण सिग्नल हँडलरमध्ये वापरायला सेफ नाहीत, कारण आत लॉक असतं, आणि ज्या थ्रेडने ते लॉक धरलंय त्यालाच मधे तोडून हँडलर आला आणि त्याने परत तेच लॉक मागितलं की कार्यक्रम संपला, प्रोसेस लटकते. तेव्हा "थ्रेड-सेफ आहे ना, मग हँडलरमध्ये पण चालेल" हा तर्क आत्ताच सोडा. या लेखात फक्त थ्रेडचं बोलतोय.

पायरी १: डॉक्युमेंटेशन उघडायच्या आधी डिक्लरेशन बघा

हेडरमधली एक ओळ बरंच सांगते. फंक्शन पॉइंटर परत देतंय, पण तो पॉइंटर ज्या मेमरीकडे दाखवतोय ती तुम्ही दिलेली नाही, आणि फ्री करायलाही कुणी सांगितलेलं नाही. मग ती मेमरी आली कुठून? बहुतेक वेळा फंक्शनच्या आतल्या स्टॅटिक बफरमधून, आणि तो बफर सगळ्या प्रोसेसला मिळून एकच. लोकलटाइम, जीएमटाइम, सीटाइम, आयनेट_एनटोए, गेटपीडब्ल्यूनॅम ही सगळी याच जातीची.

दुसरी खूण म्हणजे फंक्शन मागचं लक्षात ठेवतं पण ते ठेवायला तुमच्याकडून जागा मागत नाही. स्ट्रटॉकला दुसऱ्या कॉलपासून पहिलं आर्ग्युमेंट नल द्यायचं असतं, म्हणजे "मागे कुठपर्यंत आलो होतो" हे ते स्वतःच कुठेतरी ठेवतंय. रँडचंही तेच. उलट एसएनप्रिंटएफ बघा, बफर तुमचा, साइझ तुमची, त्यामुळे या दोन्हीपैकी कुठलीच खूण तिथे नाही.

लोकलटाइमचं नेमकं काय होतं ते जरा जवळून बघू, कारण हा बग वर्षानुवर्षं कोडमध्ये राहू शकतो. थ्रेड ए लॉगसाठी वेळ घेतो, लोकलटाइम कॉल करतो, पॉइंटर मिळतो. त्या पॉइंटरवरून स्ट्रएफटाइमने स्ट्रिंग बनवायच्या आत थ्रेड बी एखाद्या फाइलची गेल्या महिन्यातली तारीख काढायला लोकलटाइम कॉल करतो. बफर एकच. आता ए जी ओळ छापेल त्यात गेल्या महिन्यातली तारीख, किंवा त्याहून वाईट म्हणजे तास एकाचा आणि मिनिटं दुसऱ्याची. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, दिसायला अगदी व्यवस्थित टाइमस्टॅम्प, फक्त खोटा.

पायरी २: तुमची सी लायब्ररी नेमकी कुठली

"आम्ही लिनक्सवर आहोत" हे उत्तर पुरत नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्यावर जीलिबसी असते, अल्पाइनवर मसल, अँड्रॉइडवर बायोनिक. कर्नल लिनक्सच, पण हमी देणारी लायब्ररी वेगळी. टर्मिनलमध्ये एलडीडीला व्हर्जन विचारा, जीलिबसी असेल तर आकड्यासकट सांगेल, मसल असेल तर मसल असं नावच छापेल. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओची आताची व्हर्जन्स युनिव्हर्सल सीआरटी वापरतात, मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचं जीसीसी) असेल तर जुनी एमएसव्हीसीआरटी पण असू शकते.

यात नवख्यांची हमखास होणारी गडबड म्हणजे लॅपटॉपवर उबुंटू, मॅन पेज (टर्मिनलमध्ये वाचायचं डॉक्युमेंटेशन) तिथलं वाचलं, आणि प्रोग्राम चालतोय अल्पाइनच्या कंटेनरमध्ये. वाचलेलं सगळं बरोबर, पण दुसऱ्याच लायब्ररीचं.

पायरी ३: आधी स्टँडर्ड काय म्हणतं ते

पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड, त्याचा नियम मला आवडतो कारण तो उलट्या बाजूने लिहिलाय: सगळी फंक्शन्स थ्रेड-सेफ असलीच पाहिजेत, अपवाद फक्त या यादीतली. ही यादी सिस्टिम इंटरफेसेसच्या भागात थ्रेड्सच्या सेक्शनमध्ये, २.९.१ ला मिळते आणि ऑनलाइन फुकट वाचता येते. एकदा पूर्ण वाचून काढा, फार मोठी नाहीये. २०१७ च्या आवृत्तीत त्यात स्ट्रटॉक, लोकलटाइम आणि त्याची भावंडं, गेटएन्व्ह, सेटएन्व्ह, स्ट्रएरर, रँड, रीडडिर, डीएलएरर, गेटऑप्ट, बेसनेम, डिरनेम वगैरे आहेत. सेटलोकेल आणि सिस्टिम ही पण आहेत, ज्यांच्यावर सहसा कुणाला संशय येत नाही.

वाचताना शब्द नीट बघा. यादीवर लिहिलेलं असतं की ही फंक्शन्स थ्रेड-सेफ असण्याची "गरज नाही". म्हणजे नाहीतच असं नव्हे, एखादी लायब्ररी त्यांना सेफ करून देऊ शकते आणि देतेही, पण दुसरीने नाही केलं तर तक्रार करायची सोय नाही. रँड आणि सिस्टिम दोन्ही या यादीत आहेत आणि लिनक्सच्या मॅन पेजवर दोघांनाही सेफ म्हटलंय. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

सी स्टँडर्डमध्ये थ्रेड आले २०११ ला, आणि तिथेही काही फंक्शन्सखाली साधारण असंच वाक्य आहे की डेटा रेस (दोन थ्रेडची एकाच डेटावर धडक) टाळायची जबाबदारी या फंक्शनवर नाही. विंडोज पॉझिक्सला बांधील नाही, तिथे हाच सगळ्यात तळातला आधार.

पायरी ४: लिनक्सचं मॅन पेज आणि त्यातली ती छोटी टेबल

बहुतेक जण मॅन पेजचा वरचा भाग वाचतात आणि बाहेर पडतात. खाली जा, ॲट्रिब्यूट्स नावाचा सेक्शन असतो, त्यात थ्रेड सेफ्टी अशी ओळ आणि पुढे एमटी-सेफ किंवा एमटी-अनसेफ (एमटी म्हणजे मल्टिथ्रेड). खरा माल त्याच्या पुढच्या शब्दांमध्ये आहे, आणि त्या शब्दांचा अर्थ सातव्या सेक्शनमधल्या ॲट्रिब्यूट्स नावाच्याच पेजवर लिहिलाय.

लोकलटाइमपुढे लिहिलंय: एमटी-अनसेफ, रेस:टीएमबफ, एन्व्ह, लोकेल. रेस म्हणजे शेअर्ड डेटावर दोघांची धडक होऊ शकते, आणि कोलननंतरचं नाव सांगतं कुठल्या डेटावर. जीएमटाइमपुढेही टीएमबफच आहे. म्हणजे एक थ्रेड लोकलटाइम आणि दुसरा जीएमटाइम कॉल करत असला तरी धडक आहेच, कारण बफर सामायिक. सीटाइमपुढे तर दोन रेस लिहिल्यात, टीएमबफ आणि ॲसटाइम. नुसतं "अनसेफ" एवढंच वाचणाऱ्याला हे कळत नाही, आणि मग "मी लोकलटाइमभोवती लॉक लावलंय की" असं म्हणून तो जीएमटाइम मोकळंच ठेवतो.

एमटी-सेफच्या पुढेही शब्द असतात, ते जास्त फसवतात. लोकलटाइम_आर (निकालाची जागा तुम्ही देता ती जात) हे एमटी-सेफ, पण पुढे एन्व्ह आणि लोकेल. अर्थ असा की सेफ आहे, अट एवढीच की त्याच वेळी दुसरा कुणी एन्व्हायर्नमेंट किंवा लोकेल बदलत नसावा. ही अट पाळायची जबाबदारी तुमची. आणि लोकलटाइम_आरबद्दल अजून एक, लोकलटाइमसारखं ते टाइमझोनची सेटिंग दर वेळी ताजी करेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही न्यायचा कोड असेल तर सुरुवातीला टीझेडसेट एकदा कॉल करून ठेवा.

रीडडिरपुढे रेस:डिरस्ट्रीम आहे. इथे धडक होते ती तुम्ही दिलेल्या डिरेक्टरी स्ट्रीमवर. प्रत्येक थ्रेडने आपापली डिरेक्टरी स्वतः उघडली असेल तर आजच्या लायब्ऱ्यांमध्ये साधं रीडडिर चालतं. रीडडिर_आर कुणी सुचवलं तर नको म्हणा, जीलिबसीने २.२४ पासून ते वापरू नका असं जाहीर केलंय. शेवटी आर लागलं म्हणजे चांगलंच, हा समज इथे मोडतो.

व्हर्जनचा मुद्दा स्ट्रएररवर छान दिसतो. जीलिबसी २.३२ पर्यंत ते अनसेफ होतं, २०२० च्या त्या रिलीजपासून बफर प्रत्येक थ्रेडचा वेगळा झाला आणि ते सेफ झालं. मसलमध्ये आधीपासूनच ते तयार, न बदलणारी स्ट्रिंग परत देतं. म्हणजे तुमच्या मशिनवरचं मॅन पेज सेफ म्हणेल आणि ग्राहकाच्या जुन्या सर्व्हरवर तोच कोड अनसेफ असेल.

पायरी ५: मॅक आणि बीएसडी

इथे ती टेबल नाही. मॅन पेजमध्ये "स्टॅटिक" हा शब्द सर्च करा आणि शेवटचा बग्स सेक्शन वाचा, बऱ्याचदा तिथे एका ओळीत सांगितलेलं असतं की निकाल आतल्या स्टॅटिक जागेत ठेवतो. काहीच लिहिलं नसेल तर पॉझिक्सच्या यादीवर जा. ॲपल मॅकओएससाठी युनिक्स ०३ सर्टिफिकेशन घेत आलंय, त्यामुळे यादीत नसलेल्या फंक्शनवर भरवसा ठेवायला जागा आहे. सोलारिसवर काम पडलंच तर तिथे मॅन पेजवर एमटी-लेव्हल असा रकानाच असतो.

पायरी ६: विंडोज

विंडोजवरच्या सी लायब्ररीने जुन्या फंक्शन्सना वेगळ्या पद्धतीने वाचवलंय. स्ट्रटॉक, लोकलटाइम, ॲसटाइम, स्ट्रएरर यांचे आतले बफर थ्रेड-लोकल आहेत, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत. त्यामुळे वर सांगितलेला टाइमस्टॅम्पचा घोळ तिथे दोन थ्रेडमध्ये होत नाही. पण एकाच थ्रेडमध्ये होतो! लोकलटाइम, जीएमटाइम आणि एमकेटाइम त्या थ्रेडची एकच जागा वापरतात, दोन पॉइंटर घेऊन ठेवलेत तर दोन्हीकडे शेवटची वेळ दिसेल. स्ट्रटॉकच्या लूपमध्ये दुसरं फंक्शन कॉल केलं आणि त्याच्या पोटातही स्ट्रटॉक असलं तर बाहेरचा लूप भरकटला, थ्रेड एकच असला तरी.

रँड तर मजेशीर आहे. जीलिबसीमध्ये सगळे थ्रेड मिळून एकच सिक्वेन्स ओढतात, आत लॉक आहे. विंडोजवर सीड प्रत्येक थ्रेडचं वेगळं, म्हणून मेनमध्ये एकदा एसरँड करून दहा थ्रेड सुरू केलेत तर त्या दहाही थ्रेडना मूळचं डिफॉल्ट सीड मिळतं आणि सगळे अगदी तेच "रँडम" आकडे देतात. दोन्हीकडे फंक्शन थ्रेड-सेफच, वागणं मात्र जमीन-अस्मान. सेफ आहे हे कळलं तरी शेअर काय होतंय ते विचारायचं राहतंच.

पर्यायी फंक्शन्समध्ये एक सापळा आहे. मायक्रोसॉफ्टचं लोकलटाइम_एस आधी निकालाची जागा घेतं, मग वेळ, आणि एरर कोड परत देतं. सी११ मधलं त्याच नावाचं फंक्शन आधी वेळ घेतं, मग जागा, आणि पॉइंटर परत देतं. स्ट्रटॉक_एसला मायक्रोसॉफ्टकडे तीन आर्ग्युमेंट्स, स्टँडर्डमध्ये चार. नशीब एवढंच की बहुतेक वेळा कंपायलर ओरडतो.

अजून एक, एक्झी आणि डीएलएल दोघांमध्ये सी लायब्ररी स्टॅटिक लिंक केलेली असेल तर प्रत्येकाकडे तिची स्वतंत्र प्रत असते, एन्व्हायर्नमेंटसकट. हा थ्रेडचा प्रश्न नाही पण थ्रेडचा वाटतो आणि दिवस खातो.

पायरी ७: एन्व्हायर्नमेंट, म्हणजे खरी डोकेदुखी

वरचे सगळे प्रश्न बदली फंक्शन वापरून सुटतात. हा सुटत नाही, म्हणून यावर जरा थांबा.

गेटएन्व्ह तुम्हाला थेट एन्व्हायर्नमेंटच्या आतल्या स्ट्रिंगचा पॉइंटर देतं. सेटएन्व्ह ती यादी बदलतं, जागा पुरली नाही तर यादीच दुसरीकडे हलवतं. आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, दोन्हींभोवती एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) लावू. पण गेटएन्व्ह कॉल करणारे तुम्ही एकटे नाही ना. लोकलटाइम टीझेड व्हेरिएबल वाचतं. गेटॲड्रइन्फो, जे गेटहोस्टबायनेमऐवजी वापरा म्हणून सगळे सांगतात आणि जे थ्रेड-सेफ आहेच, त्याच्याही मॅन पेजवर एन्व्ह हा शब्द आहे. या सगळ्यांना तुमच्या म्युटेक्सचा पत्ताच नाही, आणि तुम्ही लिंक केलेल्या तिसऱ्याच कुणाच्या लायब्ररीला तर त्याहून नाही. मायक्रोसॉफ्टचं डॉक्युमेंटेशनही स्पष्ट सांगतं की गेटएन्व्ह आणि पुटएन्व्हची जोडी थ्रेड-सेफ नाही.

याचा त्रास इतका झाला की रस्टने २०२४ एडिशनमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करणारं फंक्शन अनसेफ ठरवलं. म्हणजे सी लिहीत नाही म्हणून सुटलात असंही नाही, भाषा वरची असली तरी खाली तीच सी लायब्ररी असते.

नियम साधा: सेटएन्व्ह करायचंच असेल तर मेनच्या सुरुवातीला, एकही थ्रेड सुरू व्हायच्या आत, आणि लक्षात ठेवा की काही लायब्ऱ्या इनिशियलाइझ होतानाच स्वतःचे थ्रेड सुरू करतात, म्हणजे त्यांच्याही आधी. दुसऱ्या प्रोसेसला वेगळं व्हेरिएबल द्यायचं असेल तर आपलं एन्व्हायर्नमेंट बदलू नका, एक्झेकव्हीई किंवा पॉझिक्स_स्पॉनला नवी यादी हातात द्या.

हाच विचार लोकेलला आणि चालू डिरेक्टरीलाही लावा. सीएचडिर कॉल म्हणून सुरक्षित आहे, काही फुटत नाही, पण डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची बदलते आणि दुसऱ्या थ्रेडमधला रिलेटिव्ह पाथ भलतीकडे जातो. त्यासाठी ओपनॲट आहे. लोकेलसाठी पॉझिक्सवर यूजलोकेल, आणि विंडोजवर थ्रेडपुरतं लोकेल चालू करायची वेगळी सेटिंग.

पायरी ८: चालवून बघा, पण त्यावर विसंबू नका

क्लँग आणि जीसीसी दोन्हीत थ्रेड सॅनिटायझर आहे, फ्लॅग लावून सगळा कोड परत कंपाइल करायचा आणि चालवायचा. धडक सापडली तर दोन्ही थ्रेडचे स्टॅक दाखवतो, अप्रतिम टूल आहे. लिनक्स आणि मॅकवर चालतं, व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरमध्ये नाही. लिनक्सवर परत कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंडचं हेलग्रिंड, हळू आहे पण चालतं.

मात्र सॅनिटायझरला दिसतं ते त्याच्या फ्लॅगने कंपाइल झालेलं कोड. सी लायब्ररीतली काही फंक्शन्स त्याला माहीत असतात, बाकीच्यांच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. आणि जी वाट त्या रनमध्ये चाललीच नाही तिच्याबद्दल तो काय बोलणार. सापडलं तर बग नक्की, नाही सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही. "हजार वेळा चालवलं, काही झालं नाही" हे थ्रेडच्या बाबतीत मी पुरावा धरत नाही.

डॉक्युमेंटेशन गप्प असेल तर सोर्स वाचा, वाटतं तितकं अवघड नाही. मसलचं स्ट्रटॉक जेमतेम काही ओळींचं आहे आणि पहिल्याच ओळीत स्टॅटिक पॉइंटर दिसतो. जीलिबसीचा सोर्स जाडजूड आहे, मॅक्रोंचं जंगल, तिथे धीर धरा. युनिव्हर्सल सीआरटीचा सोर्स विंडोज एसडीकेसोबत येतो, ॲपलही आपल्या सी लायब्ररीचा कोड प्रसिद्ध करतं. पण सोर्समध्ये दिसलं ते आजचं वागणं, वचन नव्हे, पुढच्या व्हर्जनला बदललं तर कुणी विचारत नाही.

पायरी ९: बदली फंक्शन आणि रॅपर

माझं मत विचाराल तर पॉझिक्सच्या यादीत आहे ना, मग तुमच्या प्लॅटफॉर्मवर सेफ असलं तरी नवीन कोडमध्ये नका वापरू. स्ट्रटॉकऐवजी स्ट्रटॉक_आर, आयनेट_एनटोएऐवजी आयनेट_एनटॉप, गेटहोस्टबायनेमऐवजी गेटॲड्रइन्फो, गेटहोस्टबायनेम तर पॉझिक्सने २००८ लाच काढून टाकलं. विंडोजवर स्ट्रटॉक आणि लोकलटाइमसाठी त्यांची एस-वाली. आणि प्रत्येकाभोवती आपलं एक छोटं रॅपर, प्लॅटफॉर्मचे फरक सगळे त्याच्या आत, बाकीच्या कोडने मूळ फंक्शनला हात लावायचा नाही. रॅपरवर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा की कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन बघून हे ठरवलं.

रॅपर का लागतो ते स्ट्रएरर_आरवरून कळेल. याच्या दोन जाती आहेत. पॉझिक्सवालं इंट परत देतं आणि मेसेज तुमच्या बफरमध्ये भरतं. जीएनयूवालं कॅरेक्टर पॉइंटर परत देतं, आणि तो पॉइंटर तुमच्या बफरकडे असेलच असं नाही, कधी कधी बफरला हातही न लावता आतल्या स्थिर स्ट्रिंगकडे बोट दाखवतं. जीलिबसीवर कुठलं मिळेल ते जीएनयू सोर्स हा मॅक्रो ठरवतो, आणि जी++ तो मॅक्रो आपणहून लावतो. म्हणजे तीच फाइल सी म्हणून कंपाइल केली तर एक फंक्शन आणि सी++ म्हणून केली तर दुसरं. परत आलेली व्हॅल्यू न बघता सरळ बफर छापणारा कोड एका जागी मेसेज दाखवतो आणि दुसऱ्या जागी, बफर सुरुवातीला रिकामा केला नसेल तर, कचरा. मसलवर फक्त पॉझिक्सवालं आहे. सी++ मध्ये दोन ओव्हरलोड लिहायचे, एक इंट घेणारा आणि एक पॉइंटर घेणारा, स्ट्रएरर_आरचा निकाल त्यांना द्यायचा, कंपायलर आपोआप योग्य तो निवडतो आणि हॅश-इफची गर्दी वाचते.